धोंड्यापलीकडची पाथरी

आमच्या शेजारचे नामदेवआबा लग्नाला जाताना खिशात पाथरी घेऊन जातात. पंगतीत वाढपी पुढ्यात आला की त्याला थांबवतात, धुतलेली पानं पत्रावळीवर मांडतात आणि म्हणतात, "हां, आता वाढ."

पाथरी म्हणजे बांधाला, पाटाच्या कडेला ओलीवर आपोआप उगवणारी रानभाजी. जमिनीला चिकटलेली कातरी पानं, तोडली की दूध येतं, फूल पिवळं. भाकरीबरोबर कच्चीच खातात. शेळगावात खातात सगळेच, पण राखण करणारे आबा एकटेच. मी एकदा आमच्या कडेनं तणनाशक मारायला लागलो, तर आबा बांधावर आडवे झाले. "आदी माज्यावर मार. आपून पेरली न्हाय, मग मारायचा हक कुणी दिला?" आता या माणसापुढं काय डोकं लावायचं? पंप उतरवला.

आबा रोज पाथरी खुडतात तो बांध मात्र दुसरा, आबांच्या आणि त्यांच्या थोरल्या भावाच्या, बापूंच्या, रानामधला. बापू पलीकडच्या वस्तीवर राहतात. बांध कुणी कोरला यावरून दोघांचं वाजलं, ते बोलणं आजतागायत बंद. मधोमध धोंडा रोवलाय. अलीकडची पाथरी आबांची, पलीकडची बापूंची. गाठ पडायला नको म्हणून बापू पहाटे खुडतात, आबा उन्हं वर आल्यावर. रोजच्या खुडण्यानं फूल धरत नाही, पाला कोवळा राहतो.

परवा सकाळी आबा माझ्या दारात उभे.

"धोंड्यापल्याड फुलं आल्यात."

"मग?"

"मग काय? दादा खुडाया आला न्हाय. चौकशी कर."

मी बापूंच्या घरी फोन लावला. छातीत दुखतंय म्हणून बापूंना इंदापूरला दवाखान्यात ठेवलेलं. आबा बांधावर गेले, आपल्या बाजूची कोवळी पाथरी खुडली, भाकरीबरोबर फडक्यात बांधली आणि माझ्या गाडीवर मागं बसले. वाटेत एकदाच बोलले, "त्यानं हाकललं तर लगीच माघारी फिरायचं."

बापू खाटेवर बसले होते. आबांनी फडकं सोडून पुढ्यात ठेवलं आणि भिंतीकडं बघत उभे राहिले. बापूंनी एक पान तोंडात घातलं, सावकाश चावलं.

"मीठ आणलं न्हाईस व्हय रं?"

"इसरलो, दादा."

मी मीठ आणायला खाली गेलो. परत आलो तेव्हा धोंडा मुळात कुणी चुकीचा रोवला, यावर दोघांची जोरात जुंपली होती. आबा मधेच टोपीनं डोळे पुसत होते आणि पुन्हा भांडत होते.