सीमोल्लंघनाचा हँडब्रेक

एका जंगलात, बाळांनो, मोटारी आधी आल्या आणि रस्ते अजून यायचे आहेत. हसू नका, तुमच्याकडेही तसंच आहे.

त्या जंगलात सगुणा नावाची अस्वलीण राहायची. तिच्या नाकाला तोड नव्हती. कुठला मध कुठल्या फुलाचा, हे ती डोळे मिटून सांगायची. म्हणून पलीकडच्या डोंगरावरच्या मधाच्या कोठारात तिला मध पारखायची नोकरी लागली. दसऱ्याला दुपारच्या आत हजर व्हायचं होतं. उशीर झाला, तर जागा कोल्ह्याच्या मेहुण्याला. आणि त्या मेहुण्याला, बाळांनो, मध कुठला आणि काकवी कुठली, एवढंही कळत नव्हतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. सगुणाच्या नवऱ्याने, म्हणजे हरबाने, गाडी ओढ्यावर नेऊन चकाचक धुतली. दारात आणून उभी केली. घसरायला नको, म्हणून दातओठ खाऊन हँडब्रेक वर ओढला. मग हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकांखाली लिंबं. पूजेच्या गाडीला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नसतो. तेव्हा ओला ब्रेक तसाच आवळून राहिला.

दसऱ्याला सकाळी सगुणा नवं लुगडं नेसून गाडीत बसली. हरबाने हँडब्रेक खाली केला आणि गाडी सुरू केली. इंजिन नुसतं बोंबलत राहिलं. मागची चाकं काही हलेनात.

"अहो, ब्रेक चिकटलाय," सगुणा म्हणाली. "जरा मागे घ्या. बरणीचं झाकण अडकलं की आपण थोडं उलटं फिरवतो ना, तसं."

हरबाच्या अंगावर काटा आला. "मागे? अगं, आज सीमोल्लंघन! आजच्या दिवशी कुणी मागे जातं का?"

तेवढ्यात कोल्हेशास्त्री आलेच. ज्याच्या दारात गोंधळ, त्याच्या दारात शास्त्रीबुवा, असा त्यांचा नेम होता.

"शिव शिव!" ते म्हणाले. "पूजेची गाडी आधी मागे गेली, की सगळं घर मागे जातं. ढकला, पुढेच ढकला."

मेहुणा शास्त्रीबुवांचाच होता, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सगुणाच्या बरोबर आलं.

गवा धावत आला. मागून खांदा लावून "हैशा!" म्हणाला. गाडी फुटभर फरफटली आणि अंगणात चर पडला. माकडं झाडावर बसून व्हिडिओ काढू लागली. साळिंदरांच्या साळूबाईने मीठमिरच्या ओवाळून गाडीची दृष्ट काढली. मिरच्यांनी सगळ्यांना ठसका लागला, गाडी मात्र ढिम्म.

ऊन चढत होतं. सगुणाला आधी रडू आलं. एवढी नाकाच्या बळावर हाती आलेली नोकरी, आणि ती एका लोखंडी दांडक्यापायी जाणार! मग तिला राग आला. राग जास्त उपयोगी पडला.

"उतरा," ती हरबाला म्हणाली.

"मी?"

"उतरा म्हणते ना! आणि गवेदादा, तुम्ही बाजूला व्हा."

गवेदादा म्हणाले, "वहिनी, आमची ताकद अजून बाकी आहे," आणि तिथेच उभे राहिले. सगुणाने रिव्हर्स टाकला. कट्ट! चाकं सुटली. गाडी हातभर मागे आली आणि गवेदादा करवंदीच्या जाळीत बसले. सगुणाने लगेच पहिला गिअर टाकला. लिंबं चिरडली, धुरळा उडाला आणि ती गेलीसुद्धा.

कोठारात पोचली, तेव्हा कोल्ह्याचा मेहुणा तिच्या खुर्चीवर बसून खुर्ची मऊ आहे का ते बघत होता. त्याला उठावं लागलं.

संध्याकाळी सोनं लुटायला सगळे जमले. गाडी शास्त्रीबुवांच्या मुहूर्तावर हलली, असं ठरलं. त्यांना शाल मिळाली. गव्याच्या ताकदीलाही शाल मिळाली. ती त्याने काटे टोचलेल्या जागी बांधली. बायकोला पुढे जाऊ दिलं म्हणून हरबाला नारळ देण्यात आला.

घरी आल्यावर हरबाचं पोट दुखू लागलं. श्रीखंडाचं पातेलं त्याने एकट्याने संपवलं होतं.

"घेतलीस ना गाडी मागे!" तो कण्हत म्हणाला. "तरी मी सांगत होतो."

सगुणाने त्याला ओवा दिला. मग गाडीची किल्ली खुंटीवरून काढली आणि आपल्या कनवटीला खोचली.

तात्पर्य: पुढे जायचं तर कधीकधी थोडं मागे यावंच लागतं. फक्त गाडी मागे बायकोने घ्यावी, म्हणजे अपशकुन तिच्या नावावर राहतो आणि प्रगती आपल्या.