खणाची बोली

"आठ रुपये बोललोय मी, आठ! आणि तीन रुपयेवाला वर?"

हणमंतअण्णा मिरजकरांचा आवाज हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात पार टांगा स्टँडपर्यंत गेला. त्यांच्या दुकानात चार पिढ्या फक्त खण विकला जात होता. दोन हजार आठ सालच्या श्रावणात सून स्वाती हिने दुकानाची जाहिरात इंटरनेटवर लावली; तिथे वरच्या जागेसाठी दर क्लिकमागे रुपयांची बोली लावायची. आता पडद्यावर समोरच्या दुकानातला जयतीर्थ सगळ्यात वर झळकत होता, आणि अण्णा तळाशी, जोडे काढून ठेवतात तिथे.

"अमरगोळला कापसाचा लिलाव बघितलायस? ज्याची बोली जास्त त्याचा माल! हा कुठला न्याय?"

"अण्णा, इथं नुसती बोली चालत नाही," स्वाती म्हणाली. "माणसानं काय शोधलं आणि आपण काय लिहिलं, याचा मेळ बसतो का तेही बघतात. मेळ नसला तर बोली वाढवूनही वर नेत नाहीत. तुम्ही कीवर्ड एकच दिलाय, खण."

"मग? खण विकतो तर काय खोबरं लिहू?"

"इंग्रजीत खण, खाण आणि खान, तिन्ही सारखेच लिहितात हो!"

अण्णांनी बोली बारा केली. जागा तीच राहिली, फोन मात्र सुरू झाले. पहिल्याने खानसाहेबांना बोलवायला सांगितले. "रॉंग नंबर" म्हटल्यावर, साहेब केव्हा येतील ते विचारले. दुसरा फोन गोव्याचा.

"खाण किती खोल आसा?"

"खोल? रुंदीला हातभर, काठ चार बोटं!"

"चार बोटांत लोखंड काय गावतला?"

"लोखंड? अहो, आमच्या खणात रेशीम असतंय, रेशीम!"

पलीकडच्या माणसाने "रेशीम?" असं दोनदा विचारलं. रेशमाची खाण त्याने जन्मात ऐकली नसावी.

अण्णांनी फोन आपटला, तोच स्वाती धावत आली. पुण्याच्या तिच्या मावशीचा निरोप होता. मावशीच्या महिला मंडळाला गौरीच्या ओटीसाठी तीनशे खण हवे होते. सेक्रेटरीबाई शिस्तीच्या, ओळखीपाळखीने माल घेत नसत. सोमवारी इंटरनेटवर जे दुकान पहिलं दिसेल, तिथेच त्या फोन करणार होत्या.

"पण त्या 'गौरी ब्लाउज पीस' असं टाइप करणार. जयतीर्थकाकांनी नुसतं 'ब्लाउज पीस' लिहिलंय. आपण गौरीसकट लिहू या."

अण्णा ताडकन उठले. "ब्लाउज पीस? आमच्या खणाला? उद्या देवळाला हॉल म्हण! आणि गौरीला मॅडम!"

"आवो, तीनशे हैत," दाराच्या पडद्याआडून अण्णांच्या पत्नी वत्सलाबाई म्हणाल्या. "गौरीला चालतंय. तुमास्नीच काय झालंय?"

दोन दिवस अण्णा येईल त्या गिऱ्हाइकाला "खण म्हणायचं, खण!" असं सुनावत होते. समोरून जयतीर्थ हात हलवून "यान अण्णा, आरामा?" अशी कानडीत खुशाली विचारी, ते वेगळंच. रविवारी अण्णा नमले.

"लिही. पण कॉम्प्युटरात! माझ्या तोंडातनं तो शब्द निघणार न्हाई."

स्वातीने जाहिरात नवी लिहिली. गौरीच्या ओटीसाठी ब्लाउज पीस, हुबळीहून घरपोच. बोली ठेवली अडीच रुपये. सोमवारी सकाळी पडद्यावर मिरजकर सगळ्यात वर, जयतीर्थ खाली! अण्णांनी तीन वेळा चष्मा पुसून बघितलं. बारा रुपयांत तळ आणि अडीचात गादी! लिलाव करणाऱ्याची अक्कल काढत का होईना, त्यांनी स्वातीला पेढे आणायला पिटाळलं.

ती कोपऱ्यावर वळली आणि फोन वाजला.

"नमस्कार, पुण्याहून बोलतेय," बाईंचा आवाज स्वच्छ होता. "तुमच्याकडे ब्लाउज पीस मिळतात ना?"

चार पिढ्या अण्णांच्या कानशिलात धडधडल्या.

"ब्लाउज पीस?" ते गरजले. "बाई, हे मिरजकरांचं दुकान हाय! इथं ब्लाउज पीस मिळत न्हाई! इथं खण मिळतो, खण!"

"अस्सं? मग जाहिरात कशाला देता?" बाईंनी फोन ठेवला.

अण्णा छाती काढून गादीवर बसले. एवढ्यात रस्त्यापलीकडे फोन खणखणला, आणि जयतीर्थाचा मधाळ आवाज दुर्गदबैलभर पसरला.

"हां बाई, ब्लाउज पीसच! तीनशे? हैत की!"