ऑफिसात लावला ऊस

माणसाचं डोकं ठिकाणावर ठेवायला गोळ्या लागत नाहीत, हिरवाई लागते! हे मी मोबाईलवर पाहिलं आणि त्याच दिवशी ठरवलं, आपलं ऑफिस सुधारायचंच.

ऑफिस ओतूरजवळच्या एका शीतगृहाचं. खिडकी एकच, तीही मॅनेजर कुंडलिकरावांच्या केबिनला. माझं टेबल भिंतीला चिकटलेलं. भिंत बघून बघून मला तिच्यात नातेवाईक दिसायला लागले होते! आणि साहेब मात्र समोर डोंगर असूनही सगळ्यांवर खेकसायचे.

"साहेब, केबिनमध्ये झाडं लावतो. तुमचं डोकं शांत झालं, तर खिडकी माझी!"

"आन् न्हाई झालं तर?" साहेब गुरकावले. "तुझी बदली घाटघरच्या गोदामावर!"

लागली पैज. नर्सरीतल्या नाजूक रोपांनी चार दिवसांत माना टाकल्या. मग मी आमच्या महाळुंगे पडवळच्या रानातला ऊसच मुळासकट आणून तेलाच्या डब्यांत लावला. खिडकीच्या उन्हावर तो असा फोफावला, की सही घ्यायला वाकून आत शिरावं लागे! पण साहेबांचं खेकसणं थांबलं. दुपारी तर केबिनमधून हूं की चूं नाही.

एक दिवस झाडू मारायला आत गेलेल्या साळुबाई बोंबलतच बाहेर आल्या. "आवो, पळा! उसात बिबट्या हाय! गुरगुरतोय!"

आमच्या भागात उसात गुरगुर ऐकू आली, की कुणी खात्री करत बसत नाही. सगळे बाहेर! दाराला कडी!

"साहेब कुठंयत?" मी विचारलं.

"आतच व्हते की!"

आमचे द्राक्षांचे व्यापारी राजमहंमदचाचा धीर करून दाराला कान लावून आले. "घुर्र... फुस्स... पोटभर खाऊन झोपलाय, भरतभाऊ."

साळुबाईंनी गळा काढला. "लई वरडायचा, पन रोज च्या पाजायचा वो माजा सायेब!" मलाही रडू फुटलं. खिडकी हवी होती, पण अशी नको होती हो!

तोवर अर्धं गाव जमलं. शेजारच्या मळ्यातला बिबट्याचा पिंजरा ट्रॅक्टरला बांधून आणला, तोंड दाराला लावलं. मागून केबिनच्या खिडकीतून फटाक्यांची माळ आत सोडली. धाड् धाड् धूम! इकडं दार उघडलं. तपकिरी शाल पांघरलेलं काहीतरी सुसाट आलं, थेट पिंजऱ्यात घुसलं आणि खटकन झडप पडली!

"आयला, बिबट्याला चष्मा?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

झोपमोड झालेल्या साहेबांनी गज धरून सगळ्यांकडं पाहिलं. शेवटी माझ्याकडं. मी मनातल्या मनात घाटघरची बॅग भरायला घेतली.

"भरत," साहेब हळूच म्हणाले, "हितं वारं लई झ्याक येतंय रे! चारी बाजूंनी डोंगार दिसतोय. आन् कुनी जवळ यायचं नाव घेत न्हाई!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी वेल्डरकडून तसाच पिंजरा करून घेतला आणि टेबल-खुर्ची त्यात हलवली. पैज मी जिंकलो, खिडकी माझी झाली! फक्त पिंजरा ठेवलाय बाहेर, बरोब्बर खिडकीसमोर. डोंगर दिसत नाही, साहेब दिसतात. आणि साहेबांना दिवसभर मी दिसतो.

ओतूरला चांगला जाड पडदा कुठं मिळतो, कुणाला ठाऊक आहे का हो?