अनुदानाचे साहेब आणि गिऱ्हाइकाचा कोट

फॉर्म भरण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत तेव्हा कोणी नव्हतं. कोणाचं पेन्शन अडलेलं असो की विजेच्या मीटरवर नाव बदलायचं असो, लोक कागद घेऊन माझ्याकडे यायचे. मी पेनचं टोपण दातांत धरून डॉक्टरच्या थाटात विचारायची, "बोला, काय होतंय?" वय वर्षं सतरा! त्यामुळे कॉलेजच्या पहिल्या वर्षाची फी भरायची वेळ आली आणि बाबा आपलं एकुलतं एक शिलाई मशीन विकायची भाषा करू लागले, तेव्हा मी म्हटलं, थांबा. सरकार कॉलेजातल्या मुलांना अनुदान देतं. फॉर्म मी भरते, तुम्ही फक्त सही करा.

एकच भानगड होती. अनुदान गरजू घरांतल्या मुलांसाठी होतं आणि 'गरजू' हा शब्द बाबांसमोर काढायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती. बाबा शिंपी. फाटक्या विजारीला असं ठिगळ लावायचे की विजारीलाही पत्ता लागू नये. पण कोणापुढे हात पसरायचा म्हटलं की मान ताठ. म्हणून मी एक छोटीशी थाप मारली. "हुशार मुलांना देतात," म्हटलं. बाबांनी न वाचता सही ठोकली.

महिन्याभराने पत्र आलं. चौकशी अधिकारी मंगळवारी सकाळी दहा वाजता घर पाहायला येणार होते. मी ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं आणि निर्धास्त झाले. इथेच माझं चुकलं.

मंगळवारी सकाळी मी शाळेतून दाखला घेऊन परतले, तर वाटलं दुसऱ्याच्याच घरात शिरले. भिंतीला ड्रायव्हरकाकांचा सोफा, कोपऱ्यात समोरच्या नर्सताईंचा पंखा, वर बाईंचं टोल्यांचं घड्याळ. बाई म्हणजे शेजारच्या शाळामास्तरीण. आणि या सगळ्याच्या मधोमध बाबा उभे, गडद निळा कोट घालून.

"आई, हे काय गं?"

"अगं, साहेब यायचेत. हुशार मुलीचं घर हुशार मुलीच्या घरासारखं दिसायला नको? अकरापर्यंतच्या बोलीवर आणलंय सगळं."

"अगं पण..."

पण म्हणून पुढे काय सांगणार? थाप माझीच. मी सोफ्याच्या कडेला बसले आणि साहेब वाटेत हरवावेत अशी प्रार्थना करू लागले. ती अर्धीच फळली. साहेब हरवले, पण साडेअकराला सापडले.

किरकोळ अंगाचे, घामेजलेले गृहस्थ होते. पंख्यासमोर बसून त्यांनी माझ्या फॉर्मचा कागद काढला.

"पंखा आहे. घड्याळ?"

"आहे ना," आई म्हणाली, "आणखी एक घ्यायचा विचार चाललाय."

"मशीन किती?"

"घरात एकच ठेवलंय," बाबा कोटाची बटणं चाचपत म्हणाले, "बाकीची दुकानात."

दुकान! आमचं दुकान म्हणजे मशीनसमोरची खिडकी. मी खोकले, डोळे मोठे केले, पायाने खूण केली. साहेब म्हणाले, "हिला पाणी द्या." आणि कागदावर भराभर लिहू लागले. त्यांच्या प्रत्येक अक्षरागणिक माझं कॉलेज एकेक पाऊल लांब जात होतं.

तेवढ्यात दारात नर्सताई. "वहिनी, रात्रपाळी करून आलेय. जरा पडते म्हणते. पंखा नेऊ?"

"न्या न्या," आई म्हणाली आणि साहेबांकडे वळली. "दुरुस्तीला चाललाय."

पाच मिनिटांनी बाई आल्या, स्टुलावर चढल्या आणि घड्याळ काढून घेऊन गेल्या.

"तेही दुरुस्तीला?" साहेबांनी विचारलं.

"एकाच कंपनीचं आहे," आई म्हणाली.

मग ड्रायव्हरकाका दोन माणसं घेऊन आले. "साहेब, जरा उठता का? घरी पाहुणे उभे आहेत." साहेब उठले. सोफा आडवातिडवा होत दारातून गेला आणि साहेब हातात कागद धरून रिकाम्या खोलीत उभे राहिले. आईकडे आता एकही कंपनी शिल्लक नव्हती.

शेवटी आले बँकेतले कारकून. "दादा, कोट झाला का? बाराला बढतीची मुलाखत आहे माझी."

"झालाय," बाबा म्हणाले. " खांद्यात बसतो का ते बघत होतो." त्यांनी कोट उतरवला, झटकला, कारकुनांच्या अंगात चढवला, पाठीची शिवण हाताने सरळ केली. कारकून खूश होऊन गेले. बाबांच्या अंगात राहिला त्यांचा सदरा. त्याच्या पाठीवर ठिगळांचे तीन वेगवेगळे पांढरे रंग होते. साऱ्या गल्लीचे कपडे शिवणाऱ्या माणसाचा तो सदरा पाहून मला रडूच फुटलं.

"बाबा, हे हुशार मुलांचं नाही. गरजूंचं आहे. मी खोटं सांगितलं तुम्हाला."

मला वाटलं, आता हे कागद फाडणार. मग एक तर कॉलेज गेलं किंवा मशीन तरी गेलं. बाबांनी साहेबांच्या हातून कागद घेतला आणि पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत वाचला. मग मशीनसमोरचं स्टूल उचललं आणि साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

"बसा साहेब. हे आमचं आहे. आता परत पहिल्यापासून विचारा."

"पंखा?"

"नाही."

"घड्याळ?"

"नाही."

"मशीन?"

"एक. या स्टुलासकट."

साहेबांनी आधीचं सगळं खोडून नवीन लिहिलं. जाताना ते बाबांना नमस्कार करून गेले. इतकी वर्षं झाली, आज बाबा नाहीत, पण 'पहिल्यापासून विचारा' म्हणतानाचा त्यांचा आवाज अजून कानात आहे.

अनुदान मंजूर झालं. कॉलेजच्या फळ्यावर मंजूर नावांची यादी लागली, ती बघायला बाबा एकटेच गेले. यादी उत्पन्नाप्रमाणे लावली होती. ज्याचं सगळ्यात कमी, तो सगळ्यात वर.

संध्याकाळी मी घरी आले, तर दारात नर्सताई, बाई, ड्रायव्हरकाका, सगळे उभे. "कॉलेजात पहिली आलीस म्हणे!"

मी बाबांकडे पाहिलं. ते मान खाली घालून जोरजोरात मशीन चालवत होते. शाळेत माझा नंबर कधी तिसाच्या आत आला नव्हता. मीही मान खाली घातली आणि सगळ्यांचं अभिनंदन घेतलं. आयुष्यात पहिला नंबर काय तो तेवढाच!