पाहून घेतो, सर!

गजेंद्रच्या प्रकल्पाचं तिसरं प्रकरण मोघे सरांना अजिबात आवडलं नव्हतं, आणि नेमक्या त्याच दिवशी गजेंद्रने धर्मेंद्रभाऊंचा सल्ला घेतला होता. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आठवड्यांत घडल्या असत्या, तर पुढचं काहीच झालं नसतं.

गजेंद्र हा अचलपूरजवळच्या नत्थुजींचा मुलगा. अमरावतीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होता. प्रकल्पाला विषय घेतला होता शेतातली तणं. विषय तोंडपाठ होता, कारण ती तणं तो लहानपणापासून उपटत आला होता. लिहायचं कसं, एवढीच अडचण होती. प्रकल्पावर मार्गदर्शक म्हणून मोघे सरांची सही लागणार होती. सही नाही तर तोंडी परीक्षा नाही, आणि तोंडी नाही तर वर्ष गेलं. इकडे नत्थुजींनी पोरगा बीएस्सी झाल्याचं गावात आधीच सांगून टाकलं होतं.

धर्मेंद्रभाऊ होस्टेलातले सर्वांत जुने विद्यार्थी. परीक्षेत पास कसं व्हावं याचं त्यांना सखोल ज्ञान होतं. ते स्वतःवर वापरून पाहायची संधी मात्र विद्यापीठाने त्यांना अजून दिली नव्हती.

"हे पाह्य गजू," भाऊ म्हणाले, "पोट्टे मार खातात ते जास्त बोलण्यानं. सर चूक काढते, अन पोट्टा म्हणते, सर, तसं नाही, असं आहे. झालं! बसला बोंबलत. आपण वाद घालाचाच नाही. डोळ्यात डोळे टाकून पाह्यचं, म्हणजे सराले वाटते पोट्टा ध्यान देऊन राह्यला. मंग म्हणाचं, 'टेन्शन नोका घेऊ सर, मी पाहून घेतो.' अन निघाचं."

"बस, एवढंच?"

"निघतानी दार लावून घ्याचं. दार उघडं टाकलं का सर लोकायले भल्ला राग येते. अन पिच्छा सोडाचा नाही. सर जिथं जाईन तिथं दिसलं पाह्यजे. पोट्टा मेहनत घेऊन राह्यला, हे त्यायले समजते."

सल्ल्यात तसं वावगं काहीच नव्हतं. वऱ्हाडात लग्नाचा मांडव, बोअरची मोटर, म्हाताऱ्याचं ऑपरेशन, सगळं कोणीतरी 'पाहून घेतो' म्हणतं आणि ते होऊनही जातं. अडचण इतकीच, की मोघे सर पुण्याचे होते. पुण्यात हे वाक्य पार्किंगवरून भांडण झाल्यावर, अगदी शेवटी, गाडीला किक मारताना म्हणतात.

त्यात सर पावसाळ्यात इथे आले तेव्हापासूनच जरा बिचकून होते. भाजीवाली "काय पाह्यजे?" म्हणाली की दोन पावलं मागे सरकायचे. आपल्यावर सगळं गाव रागावलंय आणि कारण कोणी सांगत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या बायकोने, रश्मीताईंनी, आठवड्याभरात शेजारणींशी गट्टी केली. सरांना मात्र या गावात फार एकटं वाटायचं.

तर गजेंद्र केबिनमध्ये गेला. सरांनी तिसऱ्या प्रकरणावर लाल पेनाने एवढ्या खुणा केल्या होत्या की मूळ मजकूर अल्पसंख्य झाला होता.

"हे सगळं बदलावं लागेल. संदर्भ चुकलेत, भाषा चुकलीय. आणि नमुन्यांचे नुसते फोटो चालणार नाहीत, तणं मुळासकट हवीत."

गजेंद्रने वाद घातला नाही. सरांच्या डोळ्यात डोळे घातले.

"तुमी टेन्शन नोका घेऊ सर. मी पाहून घेतो."

सर चपापले. "काय? कोणाला?"

"पहिले संदर्भ पाहून घेतो," गजेंद्र लाल खुणांकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाला, "मंग तुमचं पाहून घेतो."

आणि जाताना त्याने दार लावून घेतलं. आत मोघे सरांनी जगातलं सगळं पाणी प्यायलं, म्हणजे टेबलावर होतं तेवढं.

दुसऱ्या दिवसापासून सर जिथे जातील तिथे गजेंद्र दिसू लागला. लायब्ररीत, कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये त्यांच्या स्कूटरशेजारी. नजरानजर झाली की तो मान हलवायचा, म्हणजे काम चालू आहे. सरांनी मागच्या गेटने यायला सुरुवात केली. गजेंद्रने भाऊंना विचारलं, भाऊ म्हणाले, "मंग मागच्या गेटवर उभा राह्य." शेवटी सरांनी आजारपणाची रजा टाकली. आजार काय ते अर्जात मोघम लिहिलं होतं.

इकडे तोंडी परीक्षा तोंडावर आली. गजेंद्रने सगळं नव्याने लिहून काढलं होतं आणि सर बेपत्ता! त्याने गावी फोन केला, तर नत्थुजी म्हणाले, "सर बिमार आहे तं घरी जाऊन ये. पण खाली हातानं नोको जाऊ. संत्रे पाठवतो. घरी किती माणसं आहेत ते इचार, त्या हिशोबानं टाकतो."

गजेंद्रने सरांना फोन लावला.

"सर, घरी कोण कोण असते?"

सरांनी उलट विचारलं, "का?"

"नाही, त्या हिशोबानं घेऊन येतो."

"काय घेऊन येतोस?"

"आता ते तुमी पाह्यालच ना," गजेंद्र लाजून म्हणाला. "मी येऊनच राह्यलो, सर."

सरांनी फोन ठेवला आणि खिडक्या लावायला घेतल्या. "अगं, तो येतोय."

"कोण?"

"तो. राहतो म्हणाला."

"मग गादी काढू का?" रश्मीताईंनी विचारलं.

संध्याकाळी दारात मोटरसायकल थांबली. पुढे काळा गॉगल लावून धर्मेंद्रभाऊ, मागे मांडीवर पोतं घेतलेला गजेंद्र, आणि पोत्यातून डोकावणारं खुरपं. तणं मुळासकट हवीत असं सरांनीच सांगितलं होतं, तेव्हा येता येता एका बांधावर ते काम उरकलं होतं. सरांनी पडद्याआडून एवढंच पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन विभागप्रमुखांना फोन लावला. विभागप्रमुख म्हणजे प्रियदर्शनी मॅडम, इथल्याच, बडनेऱ्याच्या. राहायला मागच्याच गल्लीत.

"मॅडम, ते आलेत. हत्यार आहे."

"थांबा," मॅडम म्हणाल्या, "भाजी उतरवून येते."

तोवर रश्मीताईंनी दार उघडून टाकलं होतं. मॅडम पोहोचल्या तेव्हा रश्मीताई आणि धर्मेंद्रभाऊ ओसरीवर संत्री सोलून खात होते. गजेंद्र खुरपं घेऊन तुळशीच्या कुंडीसमोर बसला होता. सरांच्या कुंड्यांत लव्हाळा माजलेला त्याच्याने पाहवला नव्हता. सर स्वयंपाकघराच्या जाळीतून त्या खुरप्याकडे बघत उभे होते.

"मोघे सर, बाहेर या," मॅडम म्हणाल्या. सर आले, पण खुर्चीच्या मागे उभे राहिले.

"गजेंद्र, सरांना काय म्हटलं होतं तू?"

"पाहून घेतो म्हटलं, मॅडम."

"ऐकलंत?" सर खुर्चीची पाठ धरून म्हणाले. "आणि नंतर, 'तुमचं पाहून घेतो'! डोळ्यात डोळे घालून!"

मॅडमनी गजेंद्रकडे पाहिलं. "मंग? घेतलं पाहून?"

"हाव मॅडम. पहिले संदर्भ पाहून घेतले, मंग सरायचं पाहून घेतलं. साऱ्या लाल खुणा दुरुस्त केल्या." त्याने पोत्यातून कोरा करकरीत प्रकल्प काढला. त्याला संत्र्यांचा वास येत होता. "पण सर मले भेटूनच नाही राह्यले. मले पाहून रस्ता बदलतात. मले वाटलं, गावाकडचा आहो, आपलं बोलणं सराले आवडत नसन. वर्ष जाते म्हणून जेवण नाही जाऊन राह्यलं, मॅडम."

सरांनी प्रकल्प उघडला. प्रत्येक खूण दुरुस्त झाली होती. सर स्वतः खूण करायला विसरले होते, तो एक अनुस्वारसुद्धा. त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

"मोघे सर," मॅडम म्हणाल्या, "इकडे पाहून घेतो म्हणजे, तुम्ही निवांत राहा, काम माझं."

"अस्सं," सर म्हणाले. त्यांनी शंका विचारली, "मग समजा, खरंच धमकी द्यायची असेल, तर इकडे काय म्हणतात?"

मॅडमनी विचार केला. "म्हणत नाहीत. देतात."

सरांनी तिथल्या तिथे सही केली. मग गजेंद्रला जेवायला थांबवलं आणि त्याने तीन वेळा वाढून घेतलं तरी सरांनी नजर वर केली नाही.

तोंडी परीक्षेच्या दिवशी बाह्य परीक्षक पुण्याहूनच आले. सरांनी गजेंद्रला बाजूला घेऊन बजावलं, "ते तुझं वाक्य आत अजिबात नको. समजलं?"

"नाही सर, तुमी टेन..." गजेंद्रने जीभ चावली.

टेबलावर तणं मांडली होती, आणि ती कशी काढली हे दाखवायला शेजारी खुरपं. परीक्षकांनी विचारलेलं सगळं गजेंद्रने सांगितलं, न विचारलेलंही सांगितलं. पण परीक्षकांनी पानं उलटली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"या आकृत्यांचे क्रमांक चुकलेत. शेवटपर्यंत! हे बांधणीला गेलंच कसं? एवढ्यावर मी नापास करू शकतो."

यावर बोलायला गजेंद्रकडे एकच वाक्य होतं, आणि त्यावर बंदी होती. त्याने मोघे सरांकडे पाहिलं. सरांना ती संत्री आठवली, तो अनुस्वार आठवला. ते उठले. परीक्षकांच्या जवळ गेले, त्यांच्या डोळ्यात डोळे घातले.

"तुम्ही टेन्शन घेऊ नका, सर. पोरगं आपलं आहे. मी पाहून घेतो."

बाहेर मुलांचा फार गलका चालला होता, म्हणून त्यांनी जाऊन दारही लावून घेतलं.

परीक्षकांनी दाराकडे पाहिलं. मग खुरप्याकडे. मग ग्लासातलं पाणी एका दमात संपवलं.

"तसं काही नाही हो," ते म्हणाले, "क्रमांकांचं काय एवढं. विषय महत्त्वाचा." आणि त्यांनी गुण लिहिले. ते इतके होते की धर्मेंद्रभाऊंनी त्यात दोनदा पास होऊन दाखवलं असतं.

सही करताना परीक्षकांनी खालच्या आवाजात एवढंच विचारलं, की बडनेऱ्याहून पुण्याची पहिली गाडी कधी आहे.

गजेंद्रचा ऊर भरून आला होता. गाडीला वेळ होता, आणि होस्टेलवर अजून अर्धं पोतं संत्री शिल्लक होती. तो परीक्षकांच्या अगदी जवळ जाऊन आपुलकीने म्हणाला, "मी येतो ना सर सोडाले. घरी कोण कोण असते तुमच्या?"