स्कॉटलंडला आपण दोघंच

सहलीचं नियोजन कसं करावं, हे माझ्याकडून शिकावं! शारजात अल मजाजच्या आमच्या टॉवरमध्ये नळ गळला तर लोक वॉचमनला फोन करतात, पण सहल काढायची असेल तर राजनला, म्हणजे मला. स्कॉटलंडचा बेत मी जानेवारीतच एक्सेलमध्ये मांडला होता. जुलैचे दहा दिवस. आधी किल्ले, मग डोंगराळ मुलूख, शेवटी बेटं. कुठल्या किल्ल्याला किती पायऱ्या, बेटावरची बोट किती वाजता सुटते, पाऊस आला तर काय करायचं आणि नाही आला तर काय, सगळ्याला वेगळा रकाना.

साधनाने, माझ्या बायकोने, ते सगळं शांतपणे वाचलं आणि एकच अट घातली. लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत, तर आपण दोघंच जायचं. लेक ओवीसुद्धा नको. मी म्हटलं, एवढंच ना?

आता माझी एक खोड सांगायला हवी. आमच्या घरी चांगली बातमी कोणाला सांगितली की शेवटी "चला की तुम्हीही" म्हणायची पद्धत आहे. ते कोणी मनावर घेत नाही. समोरच्याने "छे हो, आमचं कुठलं जमतंय" म्हणायचं आणि चहा संपवायचा. माझ्या वडिलांनी निदान दोनशे जणांना काशीला चला म्हटलं असेल, एकही आला नाही.

खालच्या मजल्यावरच्या सत्यजितला मी बोटीचं वेळापत्रक दाखवलं आणि सवयीने म्हणालो, "चला की तुम्हीही."

तो म्हणाला, "कधी निघायचं?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी त्याची बायको विद्युल्लता व्हिसाचे फॉर्म घेऊन वर आली. तीन फॉर्म होते, कारण सत्यजितची आईही येणार होती. शनिवारी विद्युल्लताची दुबईत करामाला राहणारी बहीण गिरिजा, तिचा नवरा आणि दोन मुलं वाढली. आम्ही दोघं धरून नऊ झालो.

माझी झोप उडाली. आता नऊ माणसांची मिनीबस लागणार आणि ती चालवणार मी. तिथल्या डोंगरातले रस्ते एका गाडीपुरते, समोरून कोणी आलं की एकाने कडेला थांबायचं. बेटावर मी भाड्याने घेतलेल्या घरात पलंग एकच. रोज सकाळी मी मनातल्या मनात त्या पलंगावर नऊ माणसं आडवी-उभी मांडून पाहायचो आणि ॲसिडिटीची गोळी घ्यायचो. साधनाला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कसं सांगणार?

शेवटी विद्युल्लतानेच तिला फोन करून विचारलं, नऊ जणांना थालिपिठाची भाजणी किती किलो घ्यायची. साधनाने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"महाबळेश्वरला आपल्या हनिमूनला कोण कोण होतं, आठवतंय?"

मी आढ्याकडे पाहिलं.

"तुझे मामा, मामी आणि मामांचे शेजारी. त्यांना तूच चला म्हणाला होतास. पंचवीस वर्षांत मी तुझ्याबरोबर एकटी कुठे गेलेच नाही, राजन."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःची लाज वाटली. तडक खाली जाऊन नाही म्हणून यायचं, असं ठरवून मी सत्यजितची बेल वाजवली. दार त्याच्या आईने उघडलं. वय चौऱ्याहत्तर, अंगावर नऊवारी आणि पायांत नवेकोरे ट्रेकिंगचे बूट. बूट चावू नयेत म्हणून त्या सकाळपासून हॉल ते किचन फेऱ्या मारत होत्या. त्या मोठ्या किल्ल्याला पायऱ्या किती, असं त्यांनी विचारलं. एकशे त्रेचाळीस, मी म्हटलं. जमतील, म्हणाल्या. मी चहा पिऊन परत आलो.

आणि मग मला युक्ती सुचली. जुलैमध्ये जाऊ दे की त्या सात जणांना, माझं एक्सेल घेऊन! रजेची अडचण सांगून आपण दोघं ऑगस्टमध्ये जायचं. कोणाचं मन मोडणार नाही. फक्त रजा बदलून घ्यायची होती.

आमच्या ऑफिसात सही करणारे दोघंच, आमचे मॅनेजर चंद्रहास सर आणि मी. सर खुशीत होते. जुलैची रजा रद्द करून ऑगस्टची मागितली, त्यांनी लगेच हो म्हटलं आणि विचारलं, कुठे निघालास? मी रंगून सांगायला लागलो. तळ्याकाठचे किल्ले, जांभळे डोंगर, बेटं. सरांनी डोळे मिटून घेतले. आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"चला की सर, तुम्हीही."

सरांनी डोळे उघडले. "ऑगस्ट? मिसेस कधीची मागे लागली आहे. यल्ला, चल, तुझं एक्सेल पाठव." मग त्यांनी कॅलेंडर पुढे ओढलं. "पण दोघं एकदम गेलो तर सह्या कोण करणार? तू असं कर राजन, तू डिसेंबरमध्ये जा. जुलै सोडलास ते बरं झालं, ऑडिट तेव्हाच लावू. खलास."

दुबईहून शारजाला घरी जायला त्या दिवशी पावणेदोन तास लागले. पहिल्यांदाच मला ट्रॅफिक कमी वाटला. घरी पोचल्यावर मी साधनाला एका दमात सगळं सांगून टाकलं. डिसेंबरमध्ये तिथे चारच्या आत अंधार पडतो. बरेच किल्ले बंद. वारा सुटला की बोट रद्द. थंडी तर विचारूच नकोस.

"म्हणजे आपल्याबरोबर कोणी येणार नाही?" साधनाने विचारलं.

"वेड लागलेला माणूससुद्धा येणार नाही."

"मग कर बुकिंग," ती म्हणाली, आणि चक्क गुणगुणत आत गेली. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

बुकिंग झालं आहे. पण मला आता नवीच धास्ती लागली आहे. बाहेर अंधार, बोट बंद, घरात आम्ही दोघंच. चारपासून झोपेपर्यंत करायचं काय? पंचवीस वर्षांत असे कधी बसलोच नाही, तर बोलायचं तरी काय? काल धीर करून मी साधनालाच विचारलं.

ती म्हणाली, "तू काही बोलूच नकोस. तेवढं जमलं तरी पुष्कळ आहे."