मोहनकाकांचा डावा फेरा

बिरवाडीच्या नाक्यावर एक उंच, टकले काका "महाड, महाड, महाड, पोलादपूर, पोलादपूर" असं पुटपुटत उभे दिसले तर प्लीज त्यांच्यामागे लाइन लावू नका. त्यांच्याकडे गाडी नाही. सायकल आहे, तीपण पंक्चर. मागच्या महिन्यात कंपनीत नवीन लागलेली चार पोरं पाठीवर बॅगा घेऊन त्यांच्यामागे दहा मिनिटं उभी होती. शेवटी एकाने विचारलं, "काका, गाडी कधी सुटणार?"

काका म्हणाले, "आधी पाय तर सुटू दे."

ते आमचे मोहनकाका. ते नाच मोजत असतात. चेक देशातला, फुरियांट नावाचा. त्यात आधी दोन-दोनचा ठेका तीनदा येतो आणि मग एकदम तीन-तीनचा दोनदा. ते कुणालाच जमेना, पाय गुंतायचे, तेव्हा काकांनी हे काढलं. म-हाड म्हणजे दोन, पो-लाद-पूर म्हणजे तीन. खरं सांगते, एकदा हे डोक्यात बसलं की निघत नाही. एसटीची पाटी वाचली तरी माझा पाय उचलतो.

आता बिरवाडीत चेक नाच आला कुठून? तर काका कंपनीत फिटर होते. रिटायर व्हायच्या जरा आधी त्यांना दोन वर्षं तिकडे पाठवलं, नवीन मशीन शिकायला. बरोबरचे लोक येताना चॉकलेटं आणि जॅकेटं घेऊन आले. काका नाच घेऊन आले. तिकडे ज्यांच्या घरात ते भाड्याने राहायचे त्या यार्मिलाबाई गावच्या नाचाच्या मंडळात होत्या.

"त्यांना एक गडी कमी पडत व्हता," काका सांगतात. "मला आख्खा गावच कमी पडत व्हता. मग जमलं."

आमचा क्लास रोज संध्याकाळी विहाराच्या मागच्या हॉलमध्ये असतो. आम्ही बारा जण, सहा जोड्या. बाया बायांबरोबर, बाप्ये बाप्यांबरोबर, कारण हॉलला खिडक्या आहेत आणि खिडक्यांना गाव आहे. काका फारच कडक. "चेक नाच" म्हटलेलं त्यांना चालत नाही. "कुठल्या गावचा ते सांग. आपल्या तुडीलची जाखडी नि पोलादपूरची जाखडी एक हाय का? मग?" असं म्हणून दहा मिनिटं जातात. नाचाला गाणी पेन ड्राइव्हवर आहेत. त्यात कातडी पिशवीत हवा भरून वाजवायचं एक वाद्य आहे. पहिल्या दिवशी ते लावलं तर सखूआजी दारातून आत आली.

"कोन रडतंय रे मोहन?"

"आजी, वाद्य हाय ते. बकऱ्याच्या कातड्याचं. वर लाकडाचं बकऱ्याचं डोकं पन असतं."

"मग बरोबर हाय," आजी म्हणाली. "तो रडनारच."

आजी रोज येऊन बसते आणि रोज काकांना टोमणा मारते. कारण काका कधीच कुणाबरोबर जोडी लावत नाहीत. उजवा हात खांद्याएवढा उचलून, बोटं वळवून, जणू कुणाच्या पाठीवर ठेवलाय असा धरतात आणि एकटेच गरगर फिरतात. "दहा बाया समोर असून हवा धरून नाचतो," आजी म्हणते. काका हात खाली घेत नाहीत.

सुमनकाकी, म्हणजे काकांची बायको, मुंबईजवळ दिव्याला मुलाकडे असते. नातवाला सांभाळायला गेली. तो बालवाडीत गेला की येते म्हणाली होती. तो बालवाडीत गेला आणि नात झाली.

तर झालं काय, यार्मिलाबाईंचा मेसेज आला. त्यांच्या गावच्या उत्सवात आमचा व्हिडिओ पडद्यावर दाखवायचा होता. बिरवाडीचा फुरियांट. मी तर उडालेच. शूटिंग माझ्याकडे, एडिटिंग माझ्याकडे, कोण कुठली साडी नेसणार तेपण ठरवून टाकलं. मग त्यांचा एक जुना व्हिडिओ मागवला, आपलं मॅच होतंय का बघायला. तीनदा बघितला.

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू व्हायच्या आधी काकांना गाठलं. "काका, आपण उलटे फिरतोय."

"असू दे."

"असू दे काय? ते सगळे उजवीकडून फिरतात, घड्याळासारखे. आपण डावीकडून. आख्खं गाव हसेल तिकडे. आणि तुम्ही फिटर ना? उजवीकडे फिरवला की बसतो, डावीकडे फिरवला की निघतो, तुम्हीच शिकवलंत मला."

"तो नट गो. ही मानसं हायत."

"पण चूक ती चूकच ना?"

काकांनी स्पीकरमधला पेन ड्राइव्ह काढला, शर्टाच्या खिशात टाकला. "आज क्लास नाय," म्हणाले आणि गेले. लाइट गेली तरी टाळ्यांवर क्लास घेणारा माणूस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. सखूआजी म्हणाली, "काय बोललीस गो त्याला?"

मीपण हट्टी. दुसऱ्या दिवशीपण हॉलला कुलूप. संध्याकाळी पुरावा म्हणून मोबाइलवर तो व्हिडिओ लावून त्यांच्या घरी गेले. काका स्वयंपाकघरात आमटी ढवळत होते. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला, व्हिडिओ कॉल चालू, पलीकडे काकी. मी दारातच थांबले.

"आज फिरलीस का?" काकांनी विचारलं.

"फिरले. पोरं झोपली तवा. अर्धा फेरा झाला नि फ्रिज लागला. जागा कुठं हाय इथं?"

"कुठल्या बाजूनं?"

"कुठल्या म्हंजे? आपल्याच."

काकांनी माझ्याकडे बघितलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "बस."

मग सांगितलं. तिकडे असताना त्यांची ड्युटी दुपारी सुटली की इकडे संध्याकाळ असायची. ते फोन खिडकीत ठेवायचे, डोक्यावर टॉवेल घ्यायचे आणि काकीला बाईचा नाच करून दाखवायचे. काकी दिसेल तसं करायची. समोरासमोर. त्यांचा उजवा तो तिचा डावा, आरशासारखा. दोन वर्षं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"घरी आलो, दार लावलं, गानं लावलं. महाड-महाड नीट झालं. पहिल्याच पोलादपूरला धाडकन आपटलो. तिचा दात माझ्या हनवटीत. ही बघ खूण."

"मग सांगायचं ना त्यांना, चुकलंय म्हणून."

"दोन वर्षं एकटी शिकली गो ती. बाहेर माझी आय बसलेली, आत ही दार लावून फिरायची. तिला सांगू, सगळं चुकलं? मीच फिरलो दुसऱ्या बाजूनं. आठवडाभर गरगरत व्हतं."

"आणि आम्ही?"

काकांनी गॅस बारीक केला. "ती येईल ना. नात शाळंत गेली का येईल. तवा हॉलमधी सगळी उजवीकडं नि ती एकटी डावीकडं, बरं दिसंल का?"

मी मोबाइल पर्समध्ये टाकला. काकांनी आमटी वाढली. मीठ जास्त झालं होतं, मी सांगितलं नाही.

रविवारी मोबाइल खिडकीत टेकवून शूटिंग केलं. सहाही जोड्या डावीकडून, मधोमध काका, हात खांद्याएवढा. पाठवून दिलं यार्मिलाबाईंना, काही खुलासा न लिहिता.

सोमवारी तुडीलची एक मुलगी क्लासला नवीन आली. हुशार आहे, नेटवर बघून आली होती. पहिल्याच फेऱ्याला थांबली. "ताई, हे उजवीकडून असतं ना?"

"असेल कुठेतरी," मी म्हणाले आणि तिचे खांदे धरून तिला वळवलं. "बिरवाडीत डावीकडून."

काका पाठमोरे होते, पण त्यांनी ऐकलं असणार. त्यांचं मोजणं थांबलं नाही. महाड, महाड, महाड. पोलादपूरला उजवा हात खांद्याएवढा उचलून ते डावीकडे फिरले.